उजव्या हातातला नारळ

नवस बोलताना माणसाने जरा भान ठेवावं, असं माझी धाकटी बहीण म्हणते, आणि तिचं खरं आहे. यांना अर्धांगवायू झाला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी म्हैसमाळच्या गिरिजामातेला बोलून बसले, "आई, हे स्वतःच्या पायांनी पठार चालून येतील आणि उजव्या हाताने तुला नारळ देतील." साधा खणा-नारळाचा नवस पुरला असता. पण यांची उजवी बाजूच गेलेली, जीवाची धास्ती, आणि त्यात जीभ माझी! पुढे पाय हळूहळू चालू लागला. हात मात्र अडून राहिला. बोटं मिटायची, उघडायची नाहीत. प्रसादाला डावा हात पुढे करावा लागतो म्हणून यांनी लग्नकार्यं, सत्यनारायण सगळं टाकलं. अर्ध्यावर सोडलेल्या या नवसाचं काय करायचं, म्हणून मी देवीवरच रुसले होते.

पौषातल्या एका सकाळी हेच म्हणाले, "चल, जाऊन येऊ." छावणीतल्या घरून रिक्षाने निघालो आणि पठार सुरू होतं तिथे उतरलो. नारळाची शेंडी मी यांच्या मिटल्या बोटांत अडकवली. काय सांगू ती सकाळ! गार वारा, गुडघ्याएवढं पिवळं गवत, आणि त्यावरून धावत येणारं धुकं. दवाखान्याच्या भिंती बघून विटलेला माणूस पाय ओढत का होईना, माझ्या पुढे निघाला होता. "अहो, जरा दमानं!" मी ओरडले. "तूच मागं पडायलीस," हे म्हणाले. मला हसू आवरेना.

निम्मं पठार ओलांडलं आणि पाय ताठरला. हे माझ्या खांद्यावर रेलले. खाली बसले असते तर पुन्हा उठवणं मला एकटीला जमलं नसतं. धुक्यात माणूस दिसेना, फोनला रेंज नाही. "आई, बोलवलंस तर आता तूच ने," एवढंच मी म्हणाले.

तेवढ्यात पायवाटेने मोटारसायकल आली. वाळूजच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून एक तरुण हवा खायला निघाला होता. "चाचा, बसा मागं, मंदिराजवळ सोडतो."

"नवस हाय बाबा. पायीच जायचं," हे म्हणाले.

मग त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. "मग कॅरिअर धरा. माझी गाडीबी पायीच येईल. आमची अम्मीबी मन्नत मागताना असंच कायबी बोलून बसती!"

गार वाऱ्यात घाम गाळत तो गाडी ढकलत होता आणि डाव्या हाताने कॅरिअर धरून हे मागे चालत होते. मी कधी हसत होते, कधी डोळे पुसत होते. धुक्यातून कळस दिसला तेव्हा तिघंही एकदम ओरडलो.

गाभाऱ्यापुढे पुजाऱ्यांनी ओंजळ धरली. बोटं उघडेनात. मी सवयीने सोडवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "आई, तुझं तू घे," असं मनात म्हणून हात जोडले. हे देवीकडे बघत राहिले. आधी अंगठा हलला, मग एकेक बोट सुटलं आणि नारळ ओंजळीत पडला. मी एवढ्या जोरात जयजयकार केला की सारी रांग वळून बघू लागली! चालण्याने हात मोकळा झाला असेल, असं डॉक्टर म्हणतील. म्हणू देत.

बाहेर तो तरुण चहा पीत होता. मी प्रसाद द्यायला निघाले तर यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्याकडून मागून घेतला आणि उजव्या हाताने त्याच्यापुढे धरला. तो मुळीच घाई न करता तळहात पसरून उभा राहिला.

त्या हाताला अजून शर्टाचं बटण लावता येत नाही. कधी येईल, हे मी देवीला विचारत नाही. तिचं तिच्या वेळेने चाललंय, एवढं मला पुरतं. परवा शेजारी सत्यनारायण होता. प्रसादाच्या रांगेत हे माझ्या पुढे उभे होते.