वोइनशेतपासून लपवलेले अकरा दिवस

वोइनशेत गेब्रेयेस आठवड्याचे पाच दिवस अमेरिकेतल्या अलेक्झांड्रियात शाळेची बस चालवी आणि महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, आमच्या इथिओपियन समाजाच्या सभागृहात दोनशे माणसांना हसवी. या दोन कामांत तिला स्वतःला फारसे अंतर वाटत नसे. "दोन्हीकडे मागच्यांवर लक्ष ठेवायचं," ती म्हणे, "आणि कोणी उलटी करायच्या आत थांबायचं."

ती अकरा वर्षांची असताना वडिलांबरोबर अमेरिकेत आली. आई, येतेमवर्क, म्हाताऱ्या सासूसाठी मायदेशी, देस्सेलाच थांबली. पुढे सासू गेली, नवराही गेला, तोवर व्हिसा तीनदा नाकारला गेला होता. पस्तीस वर्षांत मायलेकींची भेट चार वेळा झाली. विशीत वोइनशेत अभिनयासाठी लॉस एंजेलिसला गेली आणि सहा वर्षे तिथे राहिली. त्या सहा वर्षांत तिला दोन चित्रपट मिळाले. एकात ती निर्वासितांच्या छावणीतले प्रेत होती. दुसऱ्यात दिग्दर्शकाने तिला "तुमच्या भाषेत काहीतरी प्रार्थनेसारखं" म्हणायला सांगितले. ऐनवेळी तिला आठवली ती अंगणातल्या कोंबड्याला शिव्या देणारी आई. त्या शिव्या तिने आईच्याच आवाजात म्हटल्या. चित्रीकरण संपल्यावर दिग्दर्शकाचे डोळे पाणावले होते.

अलेक्झांड्रियाला परतल्यावर तिने त्या आवाजावरच आपला प्रयोग उभा केला. रंगमंचावर एक खुर्ची, एक फोन, खांद्यावर नेतेला म्हणजे पांढरी सुती ओढणी, आणि पलीकडून बोलणारी एमामा, म्हणजे आईसाहेब, येतेमवर्क. दर रविवारी सकाळी ती आईला फोन करी आणि आईची वाक्ये वहीत उतरवून घेई. "यात माझं एक अक्षर नाही, मी नुसती वायर आहे," असे ती अभिमानाने सांगे. सभागृहातल्या बहुतेकांनी येतेमवर्कला कधी पाहिले नव्हते, पण तिचा दम, तिची खोकल्यापूर्वीची थांबण्याची लकब आणि तिचे टोमणे आम्हाला आमच्या घरच्या माणसाइतके परिचयाचे होते.

मे महिन्यातल्या एका बुधवारी पहाटे येतेमवर्क झोपेतच गेली. दुसऱ्या दिवशी तिला पुरले. बुधवारी दुपारपर्यंत ही बातमी आमच्या इद्दिरला, म्हणजे मरणाच्या वेळी एकमेकांच्या दारात उभे राहण्यासाठी बांधलेल्या आमच्या मंडळाला, कळली होती. वोइनशेतला कळली नव्हती. आमच्यात मरणाची बातमी फोनवर सांगत नाहीत. ती मर्दो म्हणून नेतात: जवळचे नातलग, धर्मगुरू आणि वडीलधारे पहाटे एकत्र जातात, कारण त्या क्षणी माणूस एकटा असता कामा नये. तोवर सगळ्यांनी गप्प राहायचे असते.

मी इद्दिरचा चिटणीस होतो. तिचा एकुलता एक भाऊ सिसाय डेन्व्हरच्या विमानतळावर कामाला होता, आणि पहिल्या रविवारी त्याला रजा मिळाली नाही. आठवड्यात सांगावे तर दुसऱ्या दिवशी तिच्या बसमध्ये चाळीस मुले असणार. पुढच्या आठवड्यात शनिवारी तिचा कार्यक्रम होता. तो रद्द करावा, असे बैठकीत दोघांनी सुचवले. मी विरोध केला. कार्यक्रम रद्द करणे म्हणजे कारण न सांगता बातमी सांगणेच होय, असे मी म्हणालो, आणि इतिवृत्तात लिहिले, "बातमीची वेळ ऐकणाऱ्याच्या हिताने ठरावी." वाक्य सर्वांना पटले. त्या कार्यक्रमानंतरच्या रविवारची पहाट ठरली. देस्सेच्या चुलतभावाला निरोप गेला: वोइनशेतचा फोन आला तर सांग, आई डोंगरावरच्या मठात पवित्र पाण्याच्या स्नानाला गेली आहे, तिथे फोन लागत नाही.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही सगळे तिच्याशी फार चांगले वागलो. मला वाटते, पहिला घात तिथेच झाला.

अस्कालेच्या किराणा दुकानात पाचसहा जण बोलत उभे होते. वोइनशेत आत आली आणि सगळे थांबले. मीही त्यांच्यातच होतो.

"काय हो, मला बघून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप? मी काय कर खात्यातून आलेय?"

"अगं, ये ना. इंजेराच्या भाकऱ्या ताज्या आल्यात, घेऊन जा," अस्काले म्हणाली. "पैसे राहू देत."

"राहू देत? एतेते अस्काले, तुम्ही? माझ्या वाढदिवसाला तुम्ही पिशवीचेसुद्धा लावले होते!"

कोणी हसले नाही. मग एकदम सगळेच हसलो, आणि गरजेपेक्षा बराच वेळ हसत राहिलो. वोइनशेत एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. हसू कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ओळखण्यावर तिचे पोट नसले तरी तिचा जीव होता. तिने इंजेरा तसाच ठेवला आणि निघून गेली.

पुढच्या गुरुवारी, मी मानसशास्त्र शिकवतो त्या कॉलेजच्या वाहनतळावर ती माझ्या गाडीला टेकून उभी होती.

"डॉक्टर, खरं सांगा. माझ्यात काही निघालंय का?"

"काय निघायचंय?"

"गाठ. तपासणीला गेले होते. तिथली नर्स इद्दिरच्या अध्यक्षांची, गाशे बेझाबिहंची भाची आहे. तिने कागद बघितला असणार, आणि अख्ख्या जमातीला सांगितला असणार. मला सोडून. आपल्यात असंच करतात ना, आजाऱ्यालाच तेवढं सांगत नाहीत."

"तू आजारी नाहीस."

"शपथ?"

"शपथ."

तिने श्वास सोडला. मग शांतपणे विचारले, "मग कोण मेलंय?"

त्या क्षणी सांगता आले असते. दुपारची वेळ होती, बस जमा झाली होती, ती एकटी नव्हती, मी होतो. पण ठराव माझा होता, आणि स्वतःच्या ठरावाला माणूस जितका बांधलेला असतो तितका तो देवालाही नसतो. "शनिवारी काय करणार आहेस?" मी विचारले.

"या वेळी वहीत काही नाही," ती म्हणाली. "आई पाण्यावर गेलीय. पहिल्यांदाच मी मनाने लिहितेय. विचित्रच आहे, डॉक्टर. पेन टेकवलं की ती बोलायला लागते. रोजच्यापेक्षा भरभर. आणि थांबतच नाही. मी पेन उचललं तरी नाही."

शनिवारी सभागृह भरले होते. पुढच्या चार रांगांत आम्ही, ज्यांना माहीत होते ते, आणि मागे इथेच जन्मलेली पोरे, ज्यांना कोणी सांगितले नव्हते. वोइनशेत खुर्चीत बसली, नेतेला सारखी केली, फोन कानाला लावला.

"हॅलो? वोइने? मोठ्याने बोल, तिकडे अमेरिकेत तोंडालाही पैसे पडतात का? ऐक. मी घरी आले. आणि माझ्याच घरात मला पाय ठेवायला जागा नाही! सगळ्या गाद्या जमिनीवर. सगळी आळी बसलीय. मला बघून एक जण उठेल तर शपथ. हे संस्कार! मी विचारते, अरे कोण गेलं? कोणी उत्तरच देत नाही. उकडलेले गहू-हरभरे वाटतायत, मला सोडून सगळ्यांना."

मागच्या रांगा खदखदून हसत होत्या. पुढच्या चार रांगांत खुर्चीही करकरली नाही.

"अंगणात इद्दिरची बाकं आणून टाकलीत. एकाचा पाय मोडलाय, निळ्या दोरीने बांधलाय. मी नाही बसणार त्याच्यावर, सांगून ठेवते. आणि काय गं, सगळे आलेत. तूच तेवढी का नाही आलीस?"

दफनाच्या दिवशी चुलतभावाने पाठवलेली चित्रफीत आम्हा समितीच्या सहा जणांखेरीज कोणी पाहिली नव्हती. तिच्यात ते बाक होते, आणि ती निळी दोरी. शेवटच्या भेटीत वोइनशेतने ते बाक पाहिले असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की बाक त्याच सकाळी मोडले आणि दोरी त्याच सकाळी बांधली गेली. न सांगितलेली गोष्ट माणूस इतरांच्या चेहऱ्यांवरून वाचतो, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. पण चेहऱ्यावरून दोरीचा रंग कसा वाचता येतो, हे मला ठाऊक नाही.

पुढच्या रांगांतली शांतता आता सभागृहभर जाणवू लागली होती. तेव्हा इद्दिरचे अध्यक्ष, चौऱ्याहत्तर वर्षांचे गाशे बेझाबिह, जोरात हसले. त्यांनी टाळी वाजवली. मग रांगच्या रांग हसू लागली. मीही हसलो.

'तूच तेवढी का नाही आलीस' या प्रश्नावरच प्रयोग संपला असावा, कारण दिवे लागले. पण ती फोन कानाशी धरून आणखी बराच वेळ बसून होती, पलीकडचे कोणी अजून बोलत असल्यासारखी मान हलवत.

रविवारी पहाटे आम्ही बावीस जण तिच्या रस्त्याच्या टोकाला गाड्या लावून, दिवे विझवून बसलो होतो. सिसाय येऊन पोहोचला होता. साडेपाचला धर्मगुरूंनी दार वाजवले. डोक्याला रुमाल गुंडाळलेली वोइनशेत दारात आली. तिने आधी भावाला पाहिले, मग त्याच्या खांद्यावरची, सुतकात घेतात तशी किनार उलटी करून घेतलेली नेतेला. आमच्यात यानंतर वाक्याची गरज नसते. सिसायने हंबरडा फोडला. ती कोसळली, बायकांनी तिला धरले.

रडणाऱ्याने गेलेल्या माणसाचे बोल आठवून मोठ्याने म्हणायचे आणि बाकीच्यांनी त्यावर रडायचे, अशी आमची रीत आहे. वोइनशेतने तोंड उघडले. तिला आईचे बोल म्हणायचे होते, आणि ते म्हणण्याची तिच्यापाशी एकच पद्धत होती. आधी थांबली, मग खोकली, आणि आवाज आला. येतेमवर्कचा, कालचाच.

कोणीतरी हसले. वर्षानुवर्षांची सवय होती ती. त्या बाईचा स्वतःवर ताबा नव्हता. तिने तोंडावर हात दाबला, पण उशीर झाला होता.

"कोण हसलं?" आवाजाने विचारले. "अस्काले, तू?"

"चुकलं, एमामा." अस्काले उभी राहिली होती. आपण कोणाला उत्तर देतो आहोत, हे तिच्या ध्यानात आले नसावे.

"तुला कधी कळलं?"

"गुरुवारी. पुरलं त्याच दिवशी."

"आणि बेझाबिह, तुला?"

चाळीस वर्षे टॅक्सी चालवलेल्या त्या माणसाने टोपी काढली. "बुधवारी, एमामा. दुपारी."

"काल हसायला तूच सुरुवात केलीस."

"हो."

"बरं वाटलं?"

"नाही, एमामा."

असे ती एकेकाला विचारत गेली. वोइनशेतचे डोळे मिटलेले होते, आणि तरी कोण कुठे उभे आहे यात एकदाही चूक झाली नाही. प्रत्येकाने आपापला वार सांगितला. कोणी खोटे बोलले नाही. धर्मगुरूंनीही शुक्रवार सांगितला.

"आणि शिकलेला कुठे आहे? पोरीला सांगायचं नाही, हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"बाकीच्यांनी मान्यता दिली. डोकं माझं," मी म्हणालो.

"का रे?"

माझ्यापाशी कारणे होती: भावाची रजा, बसमधली मुले, रीत. ती मी नीट मांडून लिहिली होती. त्या खोलीत मात्र तोंडातून एवढेच निघाले: "कार्यक्रम ठरला होता."

आवाज पुन्हा आला नाही. थोड्या वेळाने वोइनशेतने भावाला विचारले, "कुठे पुरलं?" तो तिचा स्वतःचा आवाज होता. बारीक, थोडा घोगरा. इतक्या वर्षांत आम्ही तो लक्ष देऊन कधी ऐकलाच नव्हता. मग ती दुपारपर्यंत रडली, आणि कोणी उठून गेले नाही.

सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला की यापुढे मरणाची बातमी चोवीस तासांच्या आत, जो जवळ असेल त्याने, त्या माणसाला सांगावी. मला वाटले होते, अनुमोदन वोइनशेतच देईल. ती उठली आणि विरोधात बोलली.

"एक जण फोन करेल, डॉक्टर. मग मी बस कडेला लावून एकटी बसेन. नको. त्या दिवशी बावीस माणसं आली होती. उशिरा आली, पण आली."

"पण तुझ्यावर अन्याय झाला," मी म्हणालो.

"झालाच. मी कुठे नाही म्हणतेय?" ती म्हणाली. "तुम्ही मला फसवलंत, ते तुमचं तुम्ही बघा. त्यासाठी पहाट कशाला मोडता?"

मतदान झाले. ठरावाच्या बाजूने चार हात वर आले. त्यांतला एक सिसायचा होता. डेन्व्हर सोडून तो तिच्याजवळ राहायला आला होता आणि आमचा सभासद झाला होता. तो तिच्या शेजारीच बसला होता. तिने त्याच्याकडे न पाहता त्याचा हात धरून हळूच खाली आणला, आणि मी इतिवृत्तात तीन असे लिहिले.