मामा न्यायला आला तेव्हा

पूर ओसरू लागला की मला जास्त धास्ती वाटते. पाणी चढत असताना प्रत्येक आईची मूठ आपल्या पोराच्या दंडावर घट्ट असते. पाणी उतरलं की मोठी माणसं घराचं काय राहिलं ते पाहायला जातात, चिखल उपसतात, पंचनाम्यासाठी दारात थांबून राहतात. पोरं मागे उरतात. आणि नेमकी तेव्हाच शिबिरात नवी माणसं यायला लागतात.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. राहते वर्ध्याजवळ नालवाडीला. त्या पावसाळ्यात देवळी तालुक्यातलं नदीकाठचं एक गाव रिकामं करून उंचावरच्या एका शाळेत आणलं, तेव्हा मुलांची जबाबदारी माझ्याकडे आली. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून काढलं: संडासाच्या दारांना आतून कड्या, तिकडे जाणाऱ्या बोळात दिवा, मागच्या फाटकाला तार, मुलांना वेगळी खोली, त्या खोलीच्या दारात दिवसभर बसेल अशी एक बाई.

तहसीलमधून आलेल्या बाबूंनी पान वाचलं आणि ते हसले. "मॅडम, लोकायले भाकर पुरून नाई राह्यली अन् तुमी कड्या मागता?"

"भाकर तुम्ही आणा. कड्या मी आणते," म्हटलं आणि देवळीच्या बाजारातून आणल्या.

मोठ्या मुलींनी पाणी पिणं सोडलं होतं. पाणी प्यायलं की संडासला जावं लागतं, आणि तिथलं दार लागत नव्हतं. हे बाबूंना समजावत बसण्यापेक्षा सुताराला शोधणं सोपं होतं. कड्या बसल्या त्या दुपारी मुलींच्या खोलीतला माठ रिकामा झाला.

माझा नियम एकच होता आणि तो मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला होता. ज्यानं मूल आणलं त्याच्यासोबतच ते फाटकाबाहेर जाईल. दुसरं कोणी न्यायला आलं, तर आणणाऱ्याशी बोलणं झाल्याशिवाय मूल हलणार नाही. लोक वैतागायचे. शाळेत मदतीला पुण्याहून आलेल्या तरुणांचा एक गट होता. त्यातली एक मुलगी माझ्यासोबत मुलांच्या खोलीत असायची. पोरं तिला ताई म्हणत. गाणी छान शिकवायची, पण पोरं 'पूर-पूर' खेळू लागली की घाबरून थांबवायची. एक जण बाकावर उभा राहून नाव व्हायचा, बाकीचे फरशीवर बुडायचे, ओरडायचे, नाव एकेकाला ओढून घ्यायची. मी तिला म्हटलं, खेळू दे. यांच्या खेळात सगळे वाचतात.

त्या खेळात एक सात वर्षांची मुलगी कधीच बुडायची नाही. ती दारात बसून राहायची, फाटकाकडे तोंड करून.

तिची आई तान्ह्या बाळाला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात गेली होती. बाळाला धाप लागली होती. बाप रस्त्याच्या कामावर परराज्यात होता, त्याचा फोन लागत नव्हता. मुलीला शेजारच्या आजीजवळ ठेवलं होतं. रुग्णवाहिकेकडे जाताना आई व्हरांड्याच्या पायरीवर थांबली. तिचा स्वतःचा फोन पुरात गेला होता.

"बाई, माहा भाऊ सिंदीले राह्यते," ती मोठ्यानं म्हणाली, कारण गाडी चालूच होती आणि ड्रायव्हर तिला नावानं हाका मारत होता. "शेताच्या वाटणीवरून बोलचाल बंद हाय आमची. पोरगी रांगत होती तवापासून भेट नाई. पन आता पुरात कायचा अबोला? कोनी निरोप देला अन् थो आला, त पोरगी देजा त्याच्याजवळ. माहा काई भरोसा नाई कवा येईन त."

मी तिला म्हटलं, देईन. ती गेली. त्या वेळी अंगणात ब्लँकेटं वाटायला आलेल्या गाड्या उभ्या होत्या आणि पायरीभोवती पन्नास माणसं होती. कोण कुठलं, कोणाला ठाऊक. त्यातले काही जण पोरांच्या हातात पुडे देऊन मोबाइलवर फोटो काढत होते. मी त्यांना खोलीच्या दारातून परत फिरवलं. तरी एक-दोघं खिडकीशी रेंगाळलेच.

नंतरचे दिवस मुलीचा एकच प्रश्न. "मामा आला काय?"

"येईल."

"कसा हाय दिसाले?"

आजी म्हणायची, "तुह्यासारखाच आसन, चपट्या नाकाचा." मुलगी नाक चाचपून पाहायची. आजीनंही त्या भावाला कधी पाहिलं नव्हतं.

आणि एका दुपारी मामा आला.

पांढऱ्या गाडीतून उतरला. पाऊस थांबला होता, पण शिबिरात कोणाच्याच अंगावर कोरडं कापड नव्हतं. याचा शर्ट इस्त्रीचा होता. मला दारातून नमस्कार केला, मुलीच्या आईचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, बाळ दवाखान्यात आहे तेही सांगितलं. "मी सिंदीवरून आलो, मॅडम. बहिणीचा निरोप भेटला. पोरीले घेऊन जातो." बोलणं मऊ होतं. हातात पेढ्यांचा पुडा आणि नवा फ्रॉक.

मुलगी दारातून उठली. इतक्या दिवसांत तिला मी पहिल्यांदाच पळताना पाहिलं. पुण्याच्या ताईचे डोळे भरून आले. तिनं फ्रॉक मुलीच्या अंगाला लावून पाहिला. "बघा ना मॅडम, अगदी मापाचा आहे!"

मापाचा होता. मी ते पाहत राहिले. रांगत होती तेव्हापासून भेट नाही, आणि फ्रॉक खांद्यापासून गुडघ्यापर्यंत नेमका.

एवढ्यात ताई मुलीला म्हणाली, "अगं, मामा इतक्या लांबून आले. पाया पड त्यांच्या."

मुलगी वाकली. त्या माणसाच्या चपलांना तिनं हात लावला. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सुखी राह, बेटा."

व्हरांड्यात तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. सुपांचा आवाज बंद पडला, तो मला अजून आठवतो.

ताईला काही कळलं नाही. तिच्याकडे पुण्याला हे असंच असेल. आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही. मामा भाचीच्या पाया पडतो. मामा साठीचा असो आणि भाची पाळण्यातली असो, वाकायचं ते मामानं. चुकून पोरगी वाकलीच, तर मामा विंचू चावल्यासारखे पाय मागे घेतो, कारण त्याला दोष लागतो. माझा सख्खा भाऊ बँकेत साहेब आहे. माझ्या मुलीला भेटला की बूट काढून आधी तिच्या पायांना हात लावतो, मग इंग्रजीत गप्पा मारतो.

आजी सूप खाली ठेवून उठली. "काऊन जी, मामा म्हनवता अन् भाचीले पाया पडू देता? आपल्या इकडे मामानं पडा लागते भाचीच्या पाया, हे बी नाई ठाऊक? कोन्या गावचे मामा तुमी?"

तो हसला. चांगलं हसला. "आजकल कोन पाळते, आजी? लेकरू वाकलं, त मी काय दूर पळू?"

दोन-चार बायाही हसल्या. मलाही क्षणभर वाटलं, खरंच, कोण पाळतं? नोकरीनिमित्त बाहेर राहिलेला असेल, विसरला असेल. एका रिवाजावरून माणसाला चोर ठरवायचं? आणि मुलीनं तोवर आपली पिशवी आणून त्याच्या पायाशी ठेवली होती. तिच्या आईला मी शब्द दिला होता की मामा आला तर देईन. पण तो फ्रॉक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. नियम फळ्यावर होता, मी तोच धरला.

"बसा," मी म्हटलं. "चहा सांगते. तोवर आईशी बोलून घेऊ."

"तिचा फोन बंद हाय. मी लावून पाह्यला."

"तिचा फोन पुरात गेला. दवाखान्यात बाजूच्या खाटेवर बाई आहे, तिचा नंबर कळवलाय तिनं मला."

त्याच्या चेहऱ्यावर काही बदललं असं मी म्हणणार नाही. तो तसाच हसत होता. "हो, हो, बोला ना. मी गाडीतून आधार कार्ड आणतो, तुमाले लागनच." मुलीच्या गालाला हात लावून तो पायऱ्या उतरला. घाई केली नाही. मी फोन लावत त्याच्या मागे फाटकापर्यंत गेले. गाडी धुतलेली होती, चकचकीत. चिखल फक्त नंबरच्या पाटीवर होता, हातानं थापल्यासारखा. दार लागलं, गाडी सुरू झाली आणि वळणाआड गेली, तेव्हा माझ्या कानाशी फोनची घंटा अजून वाजतच होती.

आई बोलली ते नंतर. भाऊ तिच्याशी बोललाच नव्हता. त्याच्यापर्यंत निरोप गेला की नाही, तेही तिला माहीत नव्हतं. भाऊ ओळखायचा कसा, असं मी विचारलं. ती म्हणाली, "उजव्या हाताचा अंगठा नाई त्याचा. कडबा कुट्टीच्या मशीनमंधी गेला."

त्या माणसाच्या दोन्ही हातांना अंगठे होते. उजव्या हाताचा तर मुलीच्या डोक्यावर टेकलेला मी पाहिला होता.

ठाण्यात कळवलं. एक हवालदार आले, फ्रॉक आणि पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. मग मी ताईला नंबर काढायला लावले आणि आजूबाजूच्या प्रत्येक शिबिराला फोन करत सुटले. "मीच तिला पाया पडायला लावलं," ताई परत परत म्हणत होती. मी म्हटलं, लावलंस म्हणून तर कळलं, आता पुढचा नंबर सांग. तिसऱ्या शिबिरातल्या बाईंनी फोन घेतला.

"मामा? आले होते ना एक. काल. लई चांगले होते बिचारे. एका पोरीले न्याले आले होते."

"दिली का मुलगी?" मी विचारलं.

"देनारच होतो. पन तिले ताप भरला होता. म्हटलं, उतरू द्या, मंग नेजा. आज येतो म्हनले होते, आलेच नाईत अजून." मग बाई थांबल्या. "काऊन, मॅडम?"

मी सांगितलं. पलीकडून एवढंच ऐकू आलं की त्या कोणाला तरी फाटक लावायला ओरडून सांगत आहेत.

इकडे मुलगी माझ्याशी बोलेना. पिशवी उराशी धरून दारात बसली. तिच्या लेखी तिचा मामा आला होता आणि मी त्याला हाकललं होतं. जेवायला बोलावलं तर म्हणाली, "तुमीच जेवा. माह्या मामाले पाठवून देलं तुमी." सात वर्षांच्या मुलीला किती सांगायचं याची यादी मला करता आली नाही. मी म्हटलं, "तो तुझा मामा नव्हता, बेटा. खोटं बोलत होता."

"मंग त्याले माह्या आईचं नाव कसं माईत?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. व्हरांड्याच्या पायरीवर तिचं नाव, भाऊ, सिंदी, सारं पन्नास माणसांसमोर बोललं गेलं होतं आणि मी थांबवलं नव्हतं. फळ्यावर मी दुसरी ओळ लिहिली: मुलांच्या घरचं बोलणं खोलीत, दार लावून.

खरा मामा आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. पुलावर पाणी होतं म्हणून अर्धी वाट पायी, चपला हातात. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. अंगणातूनच त्यानं बहिणीचं नाव घेतलं, कोणीतरी मुलीकडे बोट दाखवलं, आणि तो तिथेच, ओल्या फरशीवर गुडघे टेकून तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. मुलगी किंचाळून माझ्या मागे आली.

आजीनं पदर डोळ्यांना लावला. "पाह्यलं? हा खरा. द्या बाई, लेकरू द्या त्याच्याजवळ."

मी मुलीचं मनगट सोडलं नाही. "उजवा हात दाखवा," मी म्हटलं.

"अवो, आता काऊन?" आजी माझ्यावरच खेकसली. "पाया पडला ना थो!"

आजीला कसं सांगू? त्या दिवशी रिवाज तिनं भर व्हरांड्यात सगळ्यांसमोर फोडून सांगितला होता. तो माणूस समोर उभा राहून ऐकत होता. पुढच्या शिबिराच्या फाटकात तो, किंवा त्यानं पाठवलेला कोणी, आधी वाकेल आणि मग बोलेल. आता वाकण्यावर माझा भरवसा उरला नव्हता.

मामानं हात पुढे केला. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत कातडी होती. मी फोन लावला, बहिणीशी त्याला बोलायला दिलं. पहिल्याच शब्दाला तिनं त्याचा आवाज ओळखला. मग मुलीच्या कानाला फोन लावला. आई सांगत होती, जाय बाई, मामाच हाय तुहा.

फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. मामानं हात पुढे केला. तिनं तो पाहिला, धरला नाही. मला म्हणाली, "तुमी सांगा. हा खराच हाय ना?"

"खराच."

"तवा बी सारे हो म्हनले होते."

मामानं ऐकलं आणि हात मागे घेतला. "तू समोर नोको येऊ, बाई," तो म्हणाला. "मी समोर चालतो, तू मांगून ये. वाटलं त परत पळजो मॅडमपाशी."

तो पुढे निघाला. ती पिशवी उराशी धरून त्याच्या मागे, मध्ये दहा-बारा हात अंतर ठेवून. वळणापर्यंत ती दर थोड्या वेळानं थांबून फाटकाकडे बघायची, मी आहे का ते. मी होते. ती दिसेनाशी झाली तरी मी फाटक लावलं नाही.

पांढऱ्या गाडीतला तो माणूस सापडला नाही.