मनाची डॉक्टरीण

एका जागी बूड टेकून बसणं मला कधीच जमलं नाही. एम.ए. होऊन घरी बसले आणि सिंदी मेघेतल्या आमच्या वांग्यांच्या वाफ्यांतून सकाळ-संध्याकाळ येरझाऱ्या घालायला लागले. पाणी द्यायला म्हणून जायचे नि पाणी न देताच परत यायचे. आई म्हणायची, "पायाले भिंगरी बांधली का वं तुह्या?" बाबांना यावर एकच औषध माहीत होतं, ते म्हणजे लग्न. ते स्थळं बघू लागले, आणि नेमकी तेव्हाच मला नोकरी लागली. सेवाग्रामला एक इंग्रज बाई राहत होत्या, त्यांना दुभाषी हवी होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बाई साठी ओलांडलेल्या, उंच, हाडकुळ्या. तिकडच्या विद्यापीठात त्यांनी आधी तत्त्वज्ञान शिकवलं. मन म्हणजे काय, 'मी' म्हणजे नेमकं कोण, यावर वर्गात तासन्‌तास बोलायच्या. मग दुसरं महायुद्ध आलं. आघाडीवरून परतलेली पोरं झोपेनात, हातात घास धरून तशीच बसून राहत. त्यांच्याजवळ बसायचं काम बाईंकडे आलं. वर्गातलं मन तिथे काही कामाचं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून त्या पुन्हा विद्यार्थी होऊन मानसशास्त्र शिकल्या. पुढे माणसाच्या बेचैनीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. तत्त्वज्ञानवाले म्हणाले, ही डॉक्टरी आहे. डॉक्टर म्हणाले, हे कीर्तन आहे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. शेवटी वैतागून त्यांनी विद्यापीठ सोडलं आणि शांत जागा म्हणून महिनाभरासाठी सेवाग्रामला आल्या, त्या राहिल्याच. हे सगळं त्या हसत सांगायच्या, पण सांगताना झग्याची कड बोटांनी चुरगाळत असायच्या. मला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या. आपल्यासारखं कुणीतरी म्हातारंही होऊ शकतं, याचं बरं वाटलं.

आमचं काम सोपं वाटायचं. गावोगावी जाऊन बायांना विचारायचं, एकटं असताना तुमच्या मनात काय येतं? पण एकटं असतं कोण? सुनेला विचारलं की सासू उत्तर द्यायची, सासूला विचारलं की शेजारीण. "आमच्या मनात काय येनार वं, घरच्यायचंच येते," असं म्हणून सगळ्या खदखदा हसायच्या. वडनेरला बाईंनी हट्टच धरला, एकीशी एकटीशीच बोलायचं. आम्ही तिघी आत बसलो आणि बाईंनी उठून दार लावून घेतलं. आमच्याकडे भरदिवसा घराचं दार लागलं म्हणजे आत कुणी गेलं तरी असतं, नाहीतर जायच्या बेतात असतं. बघता बघता घरापुढच्या छपरीत पाच-पन्नास माणूस गोळा झालं. एका म्हातारीने तर कोण गेलं हे न विचारताच रडायला सुरुवात केली. मी घाईघाईने दार उघडून सांगितलं, "काई नाई झालं. बाई मनाच्या डॉक्टर आहेत, फक्त बोलून राह्यल्या."

तिथेच घात झाला. मनाची डॉक्टर म्हणजे वेड्यांची डॉक्टर, हे वडनेरला काय, कुठल्याही गावाला समजावून सांगावं लागत नाही. आणि माझं ठरत आलेलं स्थळ नेमकं वडनेरचंच. मुलगा हिंगणघाटला नोकरीला, घरी ओलिताची शेती. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तोंडावर आलं होतं. दोन दिवसांत निरोप आला, तुमच्या पोरीवर वेड्यांच्या डॉक्टरिणीचा इलाज चालू आहे म्हणतात, खरं काय ते कळवा.

बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी सायकल काढली आणि थेट सेवाग्राम गाठलं. मी मागून पोचले तर ते बाईंसमोर हात जोडून उभे. "मॅडमले म्हन, फक्त घरी येऊन सांगा, पोरगी चांगली आहे." मी सांगितलं. बाई म्हणाल्या, येईन, पण जे खरं आहे तेच सांगेन. "खरंच तं सांगायचं आहे," बाबा म्हणाले आणि खूश होऊन निघाले. मला मात्र तेव्हाच धडकी भरली. खरं आणि चांगलं ह्यांत बाबांच्या लेखी काही अंतर नव्हतं. बाईंचं सगळं आयुष्य त्या अंतरात गेलं होतं.

मुलाची आई आणि मामा आले. बाईंना खुर्ची दिली, मी त्यांच्याशेजारी उभी. स्वतःच्या अकलेबद्दल स्वतःच दुभाषीपणा करायची वेळ कुणावर येऊ नये. मामाने चहा संपवून विचारलं, "पोरगी दिमागानं बराबर आहे ना?" माझं डोकं ठिकाणावर आहे का, हे मी इंग्रजीत विचारलं.

बाईंनी विचार केला. उत्तर द्यायच्या आधी विचार करणं ही त्यांची सवयच, पण त्या दिवशी मला त्यांचा संताप आला. मग त्या सावकाश बोलल्या, आणि बरंच बोलल्या. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण बोलणं गरजेपेक्षा लांबलंय, एवढं त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिलं वाक्य सांगून थांबले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी सगळं सांगितलं.

"बाई म्हनतात, दिमाग एकदम चांगला आहे. पन पोरगी बेचैन आहे. मी बी तशीच आहे. हा आजार नाई. हिले घरात बसवून ठेवलं तं मंग आजार होईन."

मामाने घसा खाकरला. माझी आई दाराशी होती, तिने पदर तोंडाला लावला. इतका वेळ गप्प बसलेली मुलाची आई म्हणाली, "विचार वं बाईले, बसून बसून होते का हे? मले बी होते."

मी विचारलं. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. कधीपासून?

"लग्न झालं तवापासून."

"काय बोलून राह्यली तू?" मामा म्हणाला.

"विचारलं तं सांगतलं." मग ती माझ्या आईकडे वळली. "पोरगी वेडी नाई. पसंत आहे आमाले. आमच्या घरी आली की बसन चार दिवसांत. सवय होते. मले झाली."

बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. इतक्या दिवसांत त्यांना असं सुटलेलं मी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि जीव घाबरा झाला. आता सगळं ठरलं होतं.

"मले नाई करायचं हे लग्न," मी म्हणाले.

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मामा रागावला. "त्यायले सांग, हा आपल्या घरचा मामला आहे. त्यायनं यात पडू नये."

"त्या काई नाई बोलल्या. हे मी म्हनते."

बाबा उठून मागच्या वाफ्यांकडे गेले. पावसाळा संपेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते मला फार लागलं. मामा तरातरा फाटकापाशी जाऊन उभा राहिला नि बहिणीला हाका मारू लागला. ती उठली नाही. कपबशी खाली ठेवून तिने आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पुन्हा वडनेरले याल तं आमच्या घरी येजा," ती हळूच म्हणाली. "सवय झाली म्हनलं ना मी, ते खरं नाई."