दुसऱ्या मजल्यावरचा उंदीर

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ दे, हसाच. तसंही ऑफिसात अजून कोणाचं हसू थांबलेलं नाही!

मी हॉस्पिटलच्या एसीचा माणूस. घरातला भिंतीवरचा डबा नव्हे हो! अख्ख्या मजल्याला हवा पुरवणारी मोठाली मशीनं. त्या दिवशी सीवूड्सच्या एका हॉस्पिटलात सर्व्हिसिंगला गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं मशीन साफ केलं, चालू केलं आणि ऐटीत कँटीनमध्ये चहाला बसलो. कप अर्धा होतोय तोच हेड सिस्टरचा फोन.

"साहेब, पटकन वर या! वॉर्डात कसला घाणेरडा वास सुटलाय!"

गेलो. एकदाच हुंगलं. इतक्या वर्षांचा अनुभव, राव! "उंदीर," मी जाहीर केलं. "वरच्या डक्टमध्ये, हवेच्या नळीत मेलाय."

झालं! एक बाई प्लास्टरच्या पायासकट पलंगावर उभ्या राहिल्या. नातेवाइकांनी मोबाइल काढले. डायरेक्टर मॅडम धावत आल्या.

"पेशंट हलवायचे का?"

"हलवा!" मी म्हणालो. कॉन्फिडन्स बघा!

खाटा लिफ्टकडे निघाल्या. मी शिडीवर चढलो, छताचे पत्रे उतरवले, डक्टमध्ये मुंडकं घातलं. उंदीर सोडा, शेपूटसुद्धा नाही!

शेवटच्या खाटेवर दिवाळे गावचे एक कोळी आजोबा होते. ऑपरेशननंतर त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. ते एकदम उठून बसले.

"उंदीर कुठला? सुका बोंबील हाय तो! कोनी आनलाय? मना पन द्या!"

मी शिडीवरच गारठलो.

अहो, सकाळी येताना बायकोने सांगितलेले सुके बोंबील मीच घेतले होते! पिशवी कुठे ठेवली? मशीनच्या खोलीत. आणि मशीन काय करतं? त्याच खोलीतली हवा ओढतं, थंड करतं आणि मजलाभर सोडतं. फिल्टर धूळ अडवतो हो, बोंबील नाही!

सिस्टर खोलीत गेल्या आणि पिशवी दोन बोटांत धरून बाहेर आल्या. "ही कोणाची?"

"माझी," मी शिडीवरूनच म्हणालो.

खाटा परत फिरल्या. मी खाली उतरलो, तर मॅडम माझ्यापुढे येऊन उभ्या. मनात म्हटलं, गेलं आपलं कॉन्ट्रॅक्ट!

"सगळ्या खोल्यांत सारखाच वास आला?"

"हो, मॅडम," मी म्हणालो.

"म्हणजे मशीन झकास चाललंय," त्या म्हणाल्या. "फक्त पुढच्या टेस्टिंगला मोगरा आणा!"