भोंग्याची कुजबुज

त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं निघायचं. एरवी सगळं बंदर त्याला भोंगा म्हणायचं. यात कुणाचा आकस नव्हता. मोठाल्या जहाजांना दोर बांधून धक्क्याशी ओढून आणणारी जी ठेंगणी बोट असते, जिला टग म्हणतात, तिच्या इंजिनखोलीत त्याची हयात गेली होती. तिथं बोलायचं तर बेंबीच्या देठापासून बोलावं लागतं, आणि आवाज एकदा वर चढला की घरी आल्यावरही खाली उतरत नाही. भोंगा शेजारणीकडे मीठ मागायचा आणि मागच्या गल्लीतली बाई वाटी भरून आणायची.

असा हा गडी पन्नाशी उलटल्यावर प्रेमात पडला.

बाई खाडीपलीकडच्या टेकड्यांतली, संत्र्यांची बागवाली. बाजाराच्या दिवशी पेट्या घेऊन फेरीबोटीनं शहरात यायची. एकदा उतरताना तिची पेटी फळीवरून घसरली. भोंग्यानं ती वरच्यावर झेलली आणि म्हणाला, "धरलीय, सोडा." धक्क्यावरचे झाडून सगळे पक्षी उडाले. बाई मात्र हसली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. बोलणं इतकं हळू की संत्र्यांचा भाव ऐकायला गिऱ्हाइकानं वाकून कान पुढे करावा.

मग एका रविवारी भोंग्यानं तिला शहर दाखवलं, आणि तेही अशा थाटात की जणू त्याच्याच वाडवडिलांनी बांधलंय. राजधानीचं शहर ते, दाखवायला काय कमी? कायदेमंडळाच्या फाटकाशी उभा राहून त्यानं, "इथं देशाचे कायदे होतात," एवढंच सांगितलं, तर मोर्चा आला समजून पहारेकऱ्यानं फाटक लावून घेतलं. मासळीबाजारात तर त्यानं नुसती चौकशी केली आणि लिलाव थांबला. शेवटी टगवर चढवून त्यानं तिला बंदरातून फिरवून आणलं. लाल, निळी, गंजकी जहाजं घरांसारखी दोन्ही अंगांनी सरकत होती, आणि बाई कठडा घट्ट धरून, तोंडावर वारा घेत, लहान मुलीसारखी हसत होती. तिला तसं हसताना पाहिलं आणि भोंग्याचं ठरलं, विचारायचं.

उतरताना ती म्हणाली, शहर छानच आहे, पण इथं गप्प कुणी कधी बसतं की नाही? आणि वर म्हणाली, पुढच्या रविवारी तुम्ही आमच्याकडे या.

झालं. भोंग्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्याची थोरली बहीण त्याच्याच घरी राहायची, पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून. तिनं त्याला समोर बसवलं.

"अरे, असलं विचारणं कानाशी विचारायचं असतं. अख्ख्या डोंगराला नाही."

"मग मी काय ओरडणार आहे का?" भोंगा म्हणाला, आणि यंत्रावरची कात्री थरथरली.

त्या दिवसापासून कुजबुजीची तालीम सुरू झाली. भोंगा भिंतीकडे तोंड करून, आवाज दाबून दाबून, 'माझ्याशी लग्न कराल का' घोकायचा. तिसऱ्या संध्याकाळी शेजारी दारात आला. म्हणाला, तुमचा निरोप पोचला बरं का, पण माझी बायको म्हणते तिचं झालंय. बहिणीनं कपाळाला हात लावला.

रविवार उजाडला. फेरीबोट, मग टेकडी चढणारी बस. खाली खाडी लखलखत होती, वर उतारावर शेळ्या पसरल्या होत्या. बाग तर काय वर्णावी. शिड्यांवर चढून गडी संत्री तोडत होते, इतक्या शांततेत की पाचोळ्यावर पडलेलं फळसुद्धा ऐकू यावं. भोंग्यानं मनातल्या मनात हात जोडले. अंगणात बागवालीची म्हातारी सासू फळं निवडत बसली होती.

त्याला झाडांमधून नेता नेता बाईंनी आपणहूनच विषय काढला. भोंग्याला चांगलं वाकावं लागलं.

"मी काही सासूबाईंना सोडून कुठं जायची नाही हं. माझ्याशिवाय त्यांना कोण आहे? आणि त्यांना विचारायचं म्हटलं तर कानांनी काही ऐकू येत नाही. खुणा करून काय काय सांगू?"

पण भोंग्याला आता मागे फिरणं नव्हतं. त्यानं आवाज गळ्यातच आवळला, आणि त्याच्या हिशेबानं अगदी कानाशी बोलला:

"सोडून या असं मी म्हणतच नाही. बोटीवरनं निवृत्त होतोय मी, मलाच इथं ठेवून घ्या. माझ्याशी लग्न कराल का?"

ती कुजबुज उताराउतारानं खाली गेली. शिड्यांवरचे हात थांबले. शेळ्यांनी माना वर केल्या. बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"सूनबाई, कोण बोलतंय ते?"

म्हातारी काठी टेकत झाडांत शिरली आणि थेट भोंग्यापुढे उभी राहिली.

"किती वर्षांनी माणसाचं अख्खं वाक्य ऐकलं रे बाबा. नाहीतर ही. हिचे नुसते ओठ हलतात."

"मावशी, मग तुम्हाला चालेल?"

"मला न चालायला काय झालं? शिडी चढता येते का?"

"बोटीवरची येते."

"झाडाची शिकशील. आधी बस इथं, आणि बंदरात काय काय आहे ते सगळं सांग मला. हिनं बघून आल्यावर हातवारे केले, मला वाटलं गाय व्याली."

गडी शिड्यांवर पोट धरून हसले. भोंगा मात्र बसला नाही. ज्या उत्तरासाठी खाडी ओलांडली, ते अजून मिळायचं होतं. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंचे ओठ हलले.

आता इंजिनानं भोंग्याचा आवाज वाढवला होता तसे कानही पार खाल्ले होते. "काय म्हणालात?" त्यानं विचारलं. ओठ पुन्हा हलले. त्याला कळेना, हो की नाही. त्याचा चेहरा उतरत चालला.

वरून एक गडी म्हणाला, "बाई, जरा मोठ्यानं. आम्हीपण खोळंबलोय."

बाईंनी पदर खोचला, छातीभर श्वास घेतला आणि जन्मात कधी काढला नव्हता तो आवाज काढला.

"करीन म्हणतेय. करीन. आता तरी आलं का ऐकू?"

भोंग्यानं नुसती मान हलवली. सासूबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"येत होतं होय तुला बोलायला," त्या म्हणाल्या. "मग बस तूही. मला पुष्कळ विचारायचंय."