बायबलातलं एक वाईट नाव

"पाळकसाहेब, बायबलातलं एखादं वाईट नाव काढून द्या. लई वाईट पायजे."

शमुवेल दारात उभा होता. अंगावर खडीची धूळ, हातात टोपी. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या तिसगावच्या बाजूला अख्खी गावंच्या गावं खडी फोडत होती, आणि हा गडी सुट्टीच्या दिवशी सावलीत पडायचं सोडून माझ्याकडे आला होता. मला वाटलं, ऊन लागलंय. आधी पाणी दिलं.

"वाईट म्हणजे कसं?"

"अर्थ वाईट. बारक्यासाठी. सलोमी म्हनती, त्याबिगर बाप्तिस्मा न्हाई."

तो माझ्याकडेच का आला, ते सांगतो. मी पाळक. उपासना, लग्नं, बाप्तिस्मे, मयती हे माझं काम. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, हिब्रू शिकलो आणि त्याचं वेडच लागलं. बायबलातला जुना करार मुळात हिब्रूत लिहिलेला, आणि त्यातली बरीचशी नावं म्हणजे लहानशी वाक्यंच असतात. शेवटी 'एल' आलं की देव आला. दानिएल म्हणजे देव माझा न्यायाधीश. इश्माएल म्हणजे देव ऐकतो. प्रवचनात मी हे इतकं दळायचो की माझी बायको रविवारी सकाळीच बजावायची, "आज एकाच नावावर भागवा. लोकांना घरी जाऊन भाकरी थापायच्यात."

बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बहुधा मीच सुचवायचो आणि अर्थ मंडळीसमोर रंगवून सांगायचो. शमुवेल आणि सलोमीच्या पहिल्या मुलाचं नाव ठेवलं इसहाक, म्हणजे तो हसतो. दुसऱ्याचं नथनेल, देवाने दिलेला. दोघंही वर्षाच्या आत गेले. दोघांच्याही कबरीवर प्रार्थना मीच केली.

सायकल काढली आणि शमुवेलबरोबर त्याच्या घरी गेलो. सलोमी उंबऱ्याच्या आत बसली होती. बाळ पदराखाली. तिची सासू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दीड म्हयना झाला, पोराला हाक मारत न्हाई. ए न्हाई, ओ न्हाई. कुनी आलं की झाकून घेती."

मी समजावायला सुरुवात केली. "सलोमी, हे नजरेचं वगैरे..."

"दोन्ही नावं तुमीच काढली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "लई चांगली हुती. समद्यांसमोर अर्थ सांगितला. माझी पोरं ऱ्हायली का?"

मी समजावणं सोडलं आणि सायकल वळवली.

आमच्याकडची जुनी रीत आहे. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू असं ठेवायचं. मरणाला वाटावं, हे कसलं टाकाऊ, आणि त्यानं पुढचं घर धरावं. सलोमीला ती रीतही पाळायची होती आणि बायबलही सोडायचं नव्हतं. चर्चमध्ये दगडू चालत नसेल तर बायबलातला दगडू द्या, एवढंच तिचं म्हणणं. मला तिचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

घरी येऊन हिब्रूचा कोश उघडला. आयुष्यभर गोड नावं शोधलेली. कडू शोधायची पहिलीच वेळ. नाबाल म्हणजे मूर्ख. महलोन म्हणजे आजारी, पण तो बिचारा तरुणपणीच गेला, त्याचं नावही काढायला नको. ईखाबोद म्हणजे वैभव गेलं. मग जुन्या करारातल्या 'इतिहास' नावाच्या पुस्तकात, वंशावळीच्या रटाळ जंजाळात, याबेस भेटला. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

"नाबाल? म्हंजे येडा?" सलोमी म्हणाली. "अवो, खरंच येडा निघाला म्हंजे?"

"मग याबेस. याचा अर्थ दुःख. त्याच्या आईला फार वेदना झाल्या, म्हणून तिनंच ठेवलं."

"आईनं?" तिनं पहिल्यांदा मान वर केली. "जगला का त्यो?"

"जगला तर! भावांपेक्षा मोठा झाला. देवाजवळ मागितलं, मला दुःख लागू देऊ नको, आणि देवानं ऐकलं."

तिनं बाळावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "हेच ठेवा. पर चर्चमधी निस्तं दुःखच सांगा. मोठ्यानं सांगा. पुढचं न्हाई सांगायचं."

आता आली का पंचाईत! अर्थ अर्धाच सांगायचा? मला? पण तोंडातून "बरं" निघून गेलं.

त्या रविवारी नेमके सुपरिटेंडंट साहेब आले, म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या चर्चचे वरिष्ठ. उपासनेआधी त्यांनी नाव विचारलं.

"दुःख? बाप्तिस्म्याला? दुसरं ठेवा."

"साहेब, नाव शास्त्रातलंच आहे."

"असू द्या. अर्थ शुभ नको का?"

साहेबांचं नाव याकोब. मी म्हणालो, "साहेब, याकोब म्हणजे टाच धरणारा. बायबलातल्या याकोबाच्या सख्ख्या भावानंच त्याचा अर्थ फसवा असा लावला. आपलं कुठं काय अडलं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चला, घंटा झाली," म्हणाले. माझी बदली पार नगरच्या हद्दीबाहेर होणार, अशी माझी खात्री झाली.

बाप्तिस्मा झाला. मंडळी पाय पसरून बसली, आता पाळकसाहेब तासभर सोडत नाहीत म्हणून. मी म्हणालो, "याबेस. अर्थ, दुःख." आणि बसलो.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांना ते सहन होईना. ते उठले. "मंडळी, याबेसबद्दल शास्त्रात पुढे फार सुंदर..."

सलोमीचा चेहरा पांढरा पडला. तिनं बाळ छातीशी आवळलं. मी पेटीवाल्याला ओरडलो, "गीत घ्या!"

"कुठलं?"

"कुठलंही घ्या हो!"

त्यानं घाबरून नाताळचं गीत धरलं. भर उन्हाळ्यात. ढोलकीवाला लगेच मागे लागला, बायकांनी टाळ्या धरल्या, आणि साहेब तोंड उघडं ठेवून उभे ते उभेच.

बाहेर आल्यावर ते मला झाडणारच होते. "हा काय प्रकार..." एवढ्यात लिंबाखालून आवाज आला. सलोमी बाळाला उन्हात धरून, सगळ्यांच्या देखत बोलत होती.

"याबेस्या! ए याबेस्या! बघ की इकडं!"

मी साहेबांना सगळं सांगितलं. "पुढच्या वेळी आधी सांगत जा," म्हणाले, आणि जेवायला शमुवेलच्याच घरी गेले. माझी बदली काही झाली नाही.

याबेस वाढला. दांडगा झाला. नागापूरच्या एमआयडीसीत वर्कशॉपला लागला. मला भेटला की विचारायचा, "साहेब, माझंच नाव असं का हो?" मी म्हणायचो, आईला विचार. आई म्हणायची, पाळकसाहेबांना विचार.

त्याच्या लग्नाला मी रिटायर झालेलो, पण सलोमीनं हट्टानं बोलावलं. वचनं झाली, अंगठ्या झाल्या. मी आशीर्वादासाठी हात वर करणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरून सलोमी उठली. केस पिकलेले, नऊवारी कडक इस्त्रीची. भरल्या चर्चमध्ये मोठ्यानं म्हणाली,

"पाळकसाहेब, आता पुढचं सांगा."

याबेस भावांपेक्षा मोठा झाला, दुःख लागू देऊ नको म्हणाला, देवानं ऐकलं, एवढंच सांगितलं. दोन मिनिटांत संपलं सगळं.

चर्चबाहेर बायको म्हणाली, "आज कसं आटोपशीर झालं." एवढ्या वर्षांत माझ्या प्रवचनाला मिळालेली ही पहिली शाबासकी. अर्थ सगळाच सांगावा, पण आईनं हो म्हटल्यावर.