निनावी अर्जाची नोंद

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की अजून चीड येते.

त्या वर्षी ईद आणि संक्रांत दोन दिवसांच्या अंतराने आल्या होत्या. चिखली तालुक्यातल्या आमच्या ठाण्याच्या गावात शांतता समितीने तिळगूळ आणि शीरखुर्म्याचा एकत्र कार्यक्रम ठरवला. ठाण्यात मी एकटीच बाई हवालदार. हळदीकुंकू, भांडकुदळ सासवा आणि असले कार्यक्रम माझ्याकडेच यायचे.

कार्यक्रमाला चार दिवस असताना ठाणेदारांच्या नावाने निनावी अर्ज आला. देवळामागे उतरलेला परका पिंजारी लोकांना भडकावतो आहे, कार्यक्रमात दंगल होणार, तरी जादा बंदोबस्त मिळावा, असा मजकूर. ठाणेदारांनी पिंजाऱ्याला उचलून आणलं. रोजनामच्यात नोंद झाली, आणि त्याची कापूस पिंजायची कमान एका शिपायाने ‘हत्यारासारखी वस्तू’ म्हणून पंचनाम्यात घातली. मी कपाळावर हात मारला.

पिंजारी पिंपळगाव राजाकडचा, पन्नाशीचा. दर हिवाळ्यात यायचा. दोन तास खोदून विचारलं तरी तो गाद्यांखेरीज काही बोलेना.

“बाई, आठ घरच्या गाद्या उसवून ठेवल्या हायेत. मी इथं बसलो त लोक म्हनतीन, कापूस घेऊन पयाला. मंग ह्या गावात मले कोन काम देईन?”

दुसऱ्या दिवशी त्याला तहसीलदारांपुढे उभं करायचं होतं. एकदा प्रतिबंधक कारवाईचा शिक्का बसला की हेच गाव नव्हे, आसपासची दहा गावंही त्याला बंद होणार होती.

मी अर्ज पुन्हा वाचायला घेतला. रागाने लिहिणारा माणूस कागद भरून लिहितो. इथे डावीकडे समास मुडपलेला, वर ‘विषय’, मजकुराला अनुक्रमांक, आणि खाली चक्क ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर : मा. जिल्हाधिकारी’. असे अर्ज भडकलेली माणसं लिहीत नाहीत, पेन्शनर लिहितात.

समितीचे चिटणीस कचेरीतून निवृत्त झालेले कारकून होते. बायकांच्या बैठकीची चौकशी करायचं निमित्त काढून मी त्यांच्या घरी गेले. चहा झाल्यावर समितीची जावक नोंदवही मागितली. त्यांनी ती अभिमानाने पुढे केली. शेवटचीच नोंद होती : ‘ठाणेदार साहेब यांस, निनावी अर्ज, एक.’

मी वहीवर बोट ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. ते चष्मा काढून पुसू लागले.

“बिनानोंदीचा कागद बाहेर गेला त मले झोप नाही येत, बाई,” ते म्हणाले.

अर्ज एकट्याचा नव्हता. त्यात समितीचे अध्यक्षही होते, लाकडाच्या वखारीचे मालक, त्यांना सगळा गाव चाचा म्हणायचा. दोघांना ठाण्यात आणून वेगवेगळं बसवलं. दोघांचे जबाब शब्दाला शब्द जुळले. खऱ्या साक्षीदारांचेही माझ्या नोकरीत कधी इतके जुळले नाहीत. आदल्या वर्षी गाव शांत होतं म्हणून समितीच्या ईदच्या कार्यक्रमाला एकही साहेब फिरकला नव्हता, दहा माणसं आली, पातेलंभर खीर वाया गेली. गाव ‘संवेदनशील’ ठरलं तर कलेक्टर साहेब येतील, असा हिशेब.

“पण त्या गरिबाचंच नाव काऊन टाकलं?” मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

चाचा म्हणाले, “गावातल्याचं टाकलं असतं त वाकडं आलं असतं. इकडच्याचं टाका त इकडचे रागावतीन, तिकडच्याचं टाका त तिकडचे. ह्याचं इथं कोन हाय?”

खोटी खबर दिल्याबद्दल दोघांवर कारवाई करावी, असं मी ठाणेदारांना सांगितलं. ते म्हणाले, मग कार्यक्रम कोण करणार? शेवटी आमचं एवढ्यावर मिटलं : पिंजाऱ्याला तिथल्या तिथे सोडायचं, आणि या दोघांनी त्याच्याबरोबर आठही घरी जाऊन, आम्ही खोटं लिहिलं, असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. भर बाजारातून चाचांच्या खांद्यावर कमान आणि चिटणिसांच्या हातात तिची दोरी. मी मागून चालले होते, कारण वाटेत ते चहाला वळले असते.

कलेक्टर साहेब आले. तासभर बोलले. हे गाव म्हणजे एकोप्याचा आदर्श आहे, असं त्यांनी सांगितलं. चाचा आणि चिटणीस एकाच हारात उभे राहिले. पिंजाऱ्याला मी आग्रहाने बोलावलं होतं. तो आला नाही. तो गाद्या भरत होता. शेवटची गादी शिवून निघताना ठाण्यावरून गेला, तेव्हा मी विचारलं, पुढच्या साली येशील ना?

“नाही बाई,” तो म्हणाला. “ह्या गावात लय एकी हाय.”

पुढे पुष्कळ गावं पाहिली, पुष्कळ शांतता समित्यांच्या सतरंज्यांवर बसले. दोन्ही बाजू भांडत असल्या की मला फारशी काळजी वाटायची नाही. दोन्ही एकमताने एखाद्याचं नाव सांगू लागल्या, की मात्र मी वही मिटायची आणि आधी विचारायची, तो माणूस कुठल्या गावचा?